सगळ्यालाच ‘राग आला’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करावं?

रानजाई (रविवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव आठ वर्षांचे. तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळा, राहायला चिंचवडला. घरात मी, नवरा (कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते) आणि सासूबाई. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते. म्हणजे तो शाळेतून येतो तेव्हा मी घरी असते, पण असून नसल्यासारखी.

जूनपासून त्याला फार राग येतो. फार म्हणजे किती, ते कळावं म्हणून गेल्या बुधवारचं सांगते. पावणेपाचला घरी आला. डाव्या बुटाच्या नाडीला गाठ बसली होती. मी म्हटलं, ‘थांब, मी सोडते.’ एवढंच. त्याने बूट पायातून ओरबाडून काढला आणि भिरकावला. तो जाऊन लागला सासूबाईंच्या पितळी समईला. समई आडवी, तेल जमिनीवर, सासूबाई ‘अगं बाई’ करत धावल्या. मग तो स्वतःच इतका घाबरला की कॉटखाली जाऊन बसला आणि तिथून माझ्यावरच ओरडायला लागला, ‘तूच केलंस! तूच केलंस!’ वीस मिनिटं. नंतर बाहेर आला, दोन वाट्या दहीभात खाल्ला आणि माझ्या मांडीवर झोपून गेला.

शाळेच्या डायरीत दोनदा शेरा आलाय, तिसऱ्या वेळी भेटायला बोलावलं. वर्गात ४८ मुलं, त्यामुळे बाईंना दोष देत नाही. भिंतीवर त्यांनी एक छान तक्ता लावलाय, पाच चेहरे आहेत: हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड, सरप्राइज्ड. सकाळी आल्यावर आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. आमचा रोज अँग्रीवर ठेवतो. घरीही तेच. मित्र खेळायला आला नाही? राग आला. चित्र बिघडलं? राग आला. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी सकाळपासून गप्प होता. विचारलं तर म्हणाला, राग आला.

सल्ले भरपूर मिळालेत. नवरा म्हणतो दुर्लक्ष कर. सासूबाई मीठ-मोहऱ्या उतरवतात. बहिणीने व्हिडिओ पाठवला, की मुलाला म्हणायचं, ‘दीर्घ श्वास घे, दहापर्यंत मोज.’ म्हणून पाहिलं. त्याने एक ते दहा आकडे किंचाळत मोजले.

आणि लपवत नाही, मागच्या महिन्यात मी एकदा त्याला फटका मारला. पाठीत, जोरात. तो रडला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, ‘तुला पण राग आला ना?’ मला उत्तरच सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

तर प्रश्न असा: या वयाच्या मुलाला आपल्या आत काय चाललंय हे कसं कळवून द्यायचं? डॉक्टरकडे न्यावं का, की ते जरा जास्तच होईल? ‘मोठा झाला की कळेल’ हे उत्तर कृपया नको, ते मला घरातच मिळतंय.


आप्पा_निवृत्त (सोमवार, सकाळी ६.०५)

आमच्या वेळी हे तक्तेबिक्ते नव्हते. वडिलांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं की राग जागच्या जागी जिरायचा. आठ वर्षांच्या पोराला ‘तुला काय वाटतं, तुला काय वाटतं’ असं दिवसातून दहा वेळा विचारलं तर तो काहीतरी वाटून घेणारच. मोबाइल काढून घ्या, संध्याकाळी शुभंकरोती, तासभर मैदान. तरीही नाहीच ऐकलं तर दोन धपाटे. समईचं वाईट वाटलं.


चहाबाज (सोमवार, सकाळी ९.४०)

आप्पा, राग जिरायचा की मुरायचा? आमचे वडील ७१ वर्षांचे आहेत. आमटीत मीठ कमी पडलं तर अजून ताट पुढे ढकलतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. त्यांच्याही वडिलांनी चष्म्यावरूनच पाहिलं असणार.

रानजाई, माझ्याकडे उपाय नाही, फसलेला प्रयोग आहे तो सांगतो. मुलगी दुसरीत असताना मी इंटरनेटवर वाचून घरात ‘शांत कोपरा’ केला. उशा, चित्रकलेची वही, एक मऊ अस्वल. तिने आरडाओरडा केला की मी म्हणायचो, ‘जा, शांत कोपऱ्यात जा.’ आठवड्याभरात तिने त्याचं नाव जेल ठेवलं. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, ‘बाबा, काकांना जेलमध्ये पाठवा, ते जोरात बोलतायत.’ कोपरा मोडला. अस्वल चांगलं आहे, हवं असेल तर देतो.


डोंगरातल्या_बाई (सोमवार, रात्री १०.१५)

रानजाई, आधी समई शाबूत आहे का ते सांगा.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, बीड जिल्ह्यात, धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात. तिसरी-चौथी माझ्याकडं. नोकरीला १६ वर्षं झाली. मानसशास्त्र म्हणाल तर डी.एड.ला जेवढं होतं तेवढंच. खाली जे लिहिलंय ते पोरांनी शिकवलंय, आणि बरंचसं मी चुकल्यावर शिकवलंय.

आमच्याकडं दिवाळी झाली की गाव ओस पडतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी गाडीत बसते आणि कारखान्यावर जाते. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडात जातात, उरलेली आजी-आजोबांजवळ मागं राहतात. सुट्टी संपून शाळा भरली की पहिला पंधरवडा कसा जाणार ते मला तोंडपाठ आहे. पाट्या फुटतात, पेन्सिली चोरीला जातात, कुणाच्या तरी कपाळाला खोक पडते. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी ‘सुट्टीत पोरं बिघडली’ असंच म्हणायचे. काय ती माझी अक्कल!

मग गणू भेटला. (नाव बदललंय.) चौथीत होता. टोळी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या पोराची पाटी गुडघ्यावर आपटून फोडली. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि माफी माग म्हटलं. तो मागंना. मी हट्टाला पेटले, तोही पेटला. शेवटी म्हणाला ‘माफ कर’, पण असा म्हणाला की मान माझी खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत नाही. चौथ्या दिवशी मी घरी गेले. आजी चुलीपाशी होती. म्हणाली, ‘बाई, लेकरू जेवंना. पोटात कसंतरीच होऊलालंय म्हणतंय.’

मी त्याला विचारलं, कुठं रे कसंतरी? त्यानं बेंबीच्या वर दोन बोटं टेकवली. म्हणाला, ‘हितं. हिरीत वाकून बघितल्यावर होतं तसं.’

आता हे काही रागाचं वर्णन नाही. आपल्या भाषेत ह्याला चांगले शब्द आहेत, पोटात खड्डा पडणं आहे, हुरहूर आहे. पण ते त्या लेकराच्या कानावर कधी पडलेच नव्हते. त्याच्याजवळ ‘मजा आली’ होतं, ‘राग आला’ होतं, आणि ह्या दोन्हींत न बसणारं सगळं ‘कसंतरी’. तुमच्या चिरंजीवांच्या तक्त्यावर पाच चेहरे आहेत म्हणता. त्यात कसंतरीचा चेहरा नाही, म्हणून पोरगं त्यातल्या त्यात जवळच्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. मी तर आता कसंतरी हा शब्द ऐकला की हातातलं काम खाली ठेवते.

तेव्हापासून शनिवारी मी चिंचोक्यांचा खेळ घेते. २०२४ पासून सगळीकडं ‘आनंददायी शनिवार’ आलाय, आमच्याकडं त्याच वेळात हा खेळ बसवलाय. एक पोरगं फरशीवर उताणं झोपतं, दुसरं खडूनं त्याच्याभोवती रेघ ओढतं. हात, पाय, कान सगळं. तो उठला की फरशीवर माणूस उरतो. प्रत्येकाला मूठभर चिंचोके. मी एक छोटी गोष्ट सांगते, अगदी दोन वाक्यांची: ‘बाजारात आईचा हात सुटला. चहूकडं नुसते पाय दिसतायत.’ आता तुम्हाला जिथं काही झालं तिथं चिंचोका ठेवा. कुणी छातीवर ठेवतं, कुणी गळ्यावर. एका पोरीनं दोन्ही तळपायांवर ठेवले. का गं? ‘पळावं वाटतंय बाई.’ मग मी शब्द देते: छातीत धडधड आणि पायात पळ, ह्याला म्हणायचं भेदरणं. पुढची गोष्ट: ‘फळ्यावर गणित चुकलं, सगळे हसले.’ चिंचोके कानांवर आणि गालांवर. ह्याला म्हणायचं ओशाळणं. ‘त्याला नवीन सायकल मिळाली, मला नाही.’ हेवा. असं करत हिरमुसणं, धुसफुसणं, कावरंबावरं होणं, वरमणं, हरखणं. वर्षाकाठी पंचवीसेक शब्द होतात.

रुसणं आणि रागावणं ह्यांतला फरक मोठ्यांना सांगताना माझी त्रेधा उडते, पोरांना दोन मिनिटांत कळतो. मागं एकीनं सांगितलं होतं, ‘राग आला की वाटतं तो जावा. रुसलं की वाटतं तो यावा.’ मी ते फळ्यावर लिहिलं आणि महिनाभर पुसलं नाही.

आता तुमचं दहापर्यंत मोजणं. ते माझंही असंच फसलंय. राग चढल्यावर श्वास शिकवायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आम्ही काय करतो, रोज दुपारी खिचडी वाढली की जेवायच्या आधी प्रत्येकानं पाच फुंकरा मारायच्या. लांब आणि हळू, शीत जागचं हलता कामा नये. पोरांना तो खेळ वाटतो. फुंकर लांबली की श्वास आपोआप संथ होतो, त्याला दीर्घ श्वास वगैरे म्हणावं लागत नाही. हे महिनोन्‌महिने झालेलं असतं, म्हणून भांडणात मी फक्त म्हणते, ‘खिचडी गार कर.’ दहातल्या सहा-सात वेळा लागू पडतं. उरलेल्या वेळी मी जवळ खाली बसते, हातातली वस्तू काढून घेते आणि गप्प राहते. ‘राग येऊ दे, मारायचं नाही’ एवढं एकदाच सांगते. तेव्हा त्याचं डोकं ऐकण्याच्या जागी नसतं, तर आपण तरी का बोलावं?

सगळं निवल्यावर मात्र निस्तरायला लावते. माफी नाही, निस्तरणं. गणूनं आठ दिवस आपली पाटी त्या पोराबरोबर अर्धी-अर्धी वापरली, मधोमध रेघ मारून. तुमच्या चिरंजीवांना समई घासायला बसवा, चिंच आणि मीठ लावून. शिक्षा म्हणून नको, तुम्हीही शेजारी बसा. पोरं तोंडासमोर बसवून विचारलं की बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात.

‘तुला पण राग आला ना?’ ह्याला उत्तर आहे: ‘हो, आला. हात उचलला ते चुकलं.’ मीही गणूची माफी मागितली. ती सगळ्यांसमोर, कारण त्याला मागायला लावली ती सगळ्यांसमोर होती. वर्ग असा चिडीचूप मी पुन्हा पाहिला नाही.

आप्पा, राग मानू नका. शाळेत धपाट्याला बंदी आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्ही त्यात येतं. मी गणूला उभं केलं ते त्यातलंच होतं, हे मला पुढं फार उशिरा कळलं.

गणूचं राहिलंच. एप्रिलमध्ये टोळी परतली. त्याची आई ट्रॅक्टरवरून उतरून बोचक्यासकट थेट शाळेत आली. तिला बघून हा पाण्याच्या टाकीमागं जाऊन लपला. ती हाका मारतीये, हा येईना. आम्ही सगळे हसलो, ती मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी चिंचोके मागायला माझ्याकडं आला. ‘बाई, लई आनंद झाला आणि तिला चावावं वाटलं. दोन्ही एकदमच.’ पहिली-दुसरीतली पोरं दोन भावना एका वेळी असतात हे मानतच नाहीत, ‘आधी हे, मग ते’ म्हणतात. तिसरी-चौथीत हळूहळू मानायला लागतात. तुमचा आता त्याच उंबऱ्यावर आहे.

एक काम करा. दहा-बारा दिवस वही ठेवा. राग किती वाजता आला, त्याच्या आधी काय झालं, आणि तो शेवटचं कधी जेवला होता. तुमचं ‘दोन वाट्या दहीभात’ वाचताना मी तिथंच अडकले.


निवांत_बसा (मंगळवार, दुपारी २.३०)

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. बाईंच्या पोस्टवर फार भर घालण्यासारखं नाही, पण दोन-तीन गोष्टी.

शब्द देण्यामागे शास्त्रही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (लॉस एंजेलिस) मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द जोडला की भीती-धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डाला या भागाची धावपळ कमी होते. प्रयोग मोठ्या माणसांवर होता, त्यामुळे तो जसाच्या तसा आठ वर्षांच्या मुलाला लावू नये, पण बाईंच्या फरशीवर जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. फक्त शब्द ठोकून देऊ नका. ‘तुला हेवा वाटतोय’ असं ऐकलं की मूल आणखी चिडतं, कारण आता त्याच्यावर आरोप झाला. ‘ओशाळल्यासारखं झालं का, की दुसरंच काही?’ असं विचारा आणि ‘दुसरंच’ म्हणायची मोकळीक राहू द्या.

डॉक्टरांचं विचारलंत. आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच जा आणि नजर, कान, झोप बघून घ्या. तिसरीत वाचन-लेखन एकदम वाढतं. फळ्यावरचं दिसत नसलेलं किंवा अक्षरं जुळवताना अडखळणारं मूल वही फेकतं, आणि सगळे त्याच्या रागाकडे बघत बसतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी तो दिवस चुकवू नये. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखायला लागलं, खेळणं थांबलं, स्वतःला चावणं-ओरबाडणं दिसलं किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलला, तर वाट पाहत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, फुकट, मराठीतही बोलतात. मुलाला कुणी त्रास देत असल्याची शंका असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि चहाबाज, कोपऱ्याची कल्पना वाईट नाही. ‘जा’ म्हटल्यामुळे जेल झालं. तुम्ही स्वतः वैतागल्यावर तिथे जाऊन बसला असतात तर तीही येऊन बसली असती.


चहाबाज (मंगळवार, दुपारी ३.०५)

उशा लहान आहेत हो. पण मुद्दा पोचला.


रानजाई (शनिवार, रात्री १०.५०)

बारा दिवस झाले, वहीचा हिशोब घेऊन आलेय. सवयच ती.

एकूण ११ नोंदी. त्यातल्या सात पावणेपाच ते साडेपाचच्या मधल्या. मला वाटायचं दिवसभर चिडचिड असते. वहीत तसं नाही. आणि सातपैकी पाच दिवशी डबा तसाच परत आला होता. हे मला माहीत होतं, तरी मी ते ‘खायची नाटकं’ या खात्यात टाकलं होतं.

समई ठीक आहे, बाई. एक पाकळी जराशी वाकलीय. मागच्या रविवारी ती घ्यायला म्हणून सासूबाईंना विचारलं, तर त्याही येऊन बसल्या. चिंच, मीठ आणि आम्ही तिघं, न्हाणीघराच्या दारात. त्याआधी शुक्रवारी मी जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून जोडून त्यावर त्याला झोपवलं होतं आणि स्केचपेनने रेघ मारली होती. चिंचवडात राहून चिंचोके काही सापडले नाहीत, पावट्यांवर भागवलं. तेव्हा काहीच बोलला नव्हता, नुसते पावटे इकडून तिकडे केले. समई घासताना मात्र स्वतःच म्हणाला, ‘कान गरम होतात ते कुठलं गं?’ मी म्हटलं, ओशाळणं. ‘हां. ते.’ आणि पुन्हा घासायला लागला.

मी गप्प राहिले. (फार अवघड आहे हो हे.) दोन मिनिटांनी उठला, आतून तो कागदाचा माणूस आणला, दोन पावटे दोन्ही कानांवर ठेवले आणि एक अंगठ्यावर. अंगठ्यावर कशाला? म्हणाला, ‘झाकण.’

जूनमध्ये मी त्याला नवा डबा घेतला होता. चारी बाजूंनी खटके लावायचा, हवाबंद, भाजीचं तेल दप्तरात सांडू नये म्हणून. तो त्याला उघडत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने दातांनी उचकटला, तेव्हा मटकीची उसळ शर्टावर उडाली आणि मागच्या बाकावरची मुलं ‘बाळ, बाळ’ म्हणाली. तेव्हापासून शेजारचा मित्र आला असेल तर तो उघडून देतो, नसेल तर हा डबा बाहेरच काढत नाही. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात बाईंना सांगायला जायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोर. सकाळी सव्वाअकराला घरातून निघालेला मुलगा पावणेपाचला येतो, आणि दारातच मी म्हणते, ‘थांब, मी सोडते.’ म्हणजे पुन्हा बाळ.

रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सकाळी त्याला म्हटलं, त्या दिवशी मला राग आला होता आणि मी मारलं, ते चुकलं. तो म्हणाला, ‘मला माहितीये.’ आणि ब्रश करायला गेला. मी फार मोठ्या प्रसंगाची तयारी केली होती.

आता सगळं छान झालंय असं समजू नका. ११ पैकी चार नोंदींचा अजून पत्ता लागत नाही. दोन तर नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यातल्या आहेत, त्यावर लक्ष ठेवून आहे. काल कॅरममध्ये हरल्यावर रिमोट फेकला. शिवाय नवीन शब्दांचा वापर कसा होतो तेही बघा: गुरुवारी गृहपाठाच्या वेळी म्हणाला, ‘मी आत्ता धुसफुसतोय, अर्ध्या तासाने ये.’ डोळे तपासले, ठीक आहेत. वाचनाबद्दल बाईंशी बोलणार आहे. तक्त्याबद्दलही बोलले असते, पण त्यांनी एवढ्या हौसेने लावलाय.

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. तो रडायला लागला की सासूबाई म्हणतात, ‘मुलीसारखा काय रडतोस?’ लगेच तोंड मिटतो आणि मूठ वळतो. त्यांना सांगायचं कसं? समईच्या दिवशी त्यांनीच ‘फुरंगटून बसलाय’ हा शब्द दिला, त्याला तो इतका आवडला की दिवसभर मांजरालाही फुरंगटलंय म्हणत होता. म्हणजे शब्द त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.


डोंगरातल्या_बाई (रविवार, सकाळी ७.३०)

उद्या जुना डबा द्या, भूक आधी. पण नवा टाकू नका. रिकामा डबा घेऊन त्याच्याबरोबर बसा. आधी तीन खटके तुम्ही काढायचे, एक त्यानं. मग दोन-दोन. नखानं उचकटू नको म्हणावं, चमच्याचं टोक खटक्याखाली घालून वर उचलायचं. कडेच्या रबराला तेलाचं बोट फिरवलं की झाकण सैल पडतं. दाताचा मोह तरी सुटेल. बुटाची गाठही त्यालाच सोडू द्या, पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

सासूबाईंना काही सांगायला जाऊ नका. त्यांना विचारा, लहानपणी त्या फुरंगटल्या की कुठं जाऊन बसायच्या. नातू ऐकत असताना विचारा.

रिमोटचं काय, निस्तरला का कुणी?


आप्पा_निवृत्त (रविवार, सकाळी ७.५५)

प्रश्न मला नव्हता, तरी सांगतो. गोठ्यात, गाईच्या मागे. शोधायला कुणी यायचं नाही, वैरण टाकायला आई यायची तेवढीच. ती काही बोलायची नाही, पेंढी सोडत थांबायची.

असो. त्या खटक्याच्या डब्यावर माझाही अंगठा चालत नाही. सुनेने मागच्या वर्षी असाच आणलाय. चमच्याचं करून पाहतो.